अठ्ठावन्न नंबरची जर्सी

१

सोमवारी सकाळी एका फोटोने एल्डरटन कॉलेजची अब्रू वेशीला टांगली.

फोटो काढला होता पलीकडच्या गावातल्या कोणा हितशत्रूने. शनिवारी ज्या कॉलेजशी अमेरिकन फुटबॉलची वर्षातली मोठी लढत होती, त्याच कॉलेजचा तो भक्त. फोटोत नेट फस्कोच्या गोंदणाच्या दुकानाची भिंत, भिंतीवर काचेच्या चौकटीत बसवलेल्या एल्डरटनच्या तीन तांबड्या जर्स्या आणि प्रत्येकीवर खेळाडूची सही. खाली त्याने इंटरनेटवर एवढंच लिहिलं होतं, "एल्डरटनची पोरं काय भावाने मिळतात?"

कॉलेजच्या खेळाडूने बाहेरच्या माणसाकडून फुकट काही घ्यायचं नाही, हा कायदा. स्टेडियम भरायचं, टीव्हीवाले यायचे, कोचचं घर तलावाकाठी उभं राहायचं. पण मैदानात हाडं मोडून घेणाऱ्या पोराने स्वतःची जर्सी देऊन दंडावर चित्र गोंदवून घेतलं, तर तो गुन्हेगार. कायदा शहाणा की वेडा, यावर कोल्टन फेरी गावातल्या न्हाव्याच्या दुकानात रोज हमरीतुमरी व्हायची. पण कायदा होता.

दुपारपर्यंत दोघांनी कबूल केलं. बारा नंबरचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा, कोडी ब्रॅनम आणि त्याचा जोडीदार, नंबर एक्याऐंशी. जर्सी दिली आणि फस्कोच्या मागच्या खोलीत फुकट गोंदवून घेतलं. दंडावर गरुड फडफडतच होते, नाकारणार कुठे? दोघंही निलंबित झाले.

तिसरी जर्सी अठ्ठावन्न नंबरची. डेल्विन रकरची. साडेसहा फूट उंच, दाराच्या चौकटीतून तिरका होऊन आत येणारा हा मिसिसिपीचा पोरगा चढाईच्या फळीचा कणा होता. तो म्हणाला, "मी दिली नाही." फस्कोकडे जर्सी पोचली त्या, मागच्या महिन्यातल्या मंगळवारी संध्याकाळी कुठे होतास, असं विचारलं तर पठ्ठ्या मुका झाला. त्यालाही निलंबित केलं.

"सुनावणी शुक्रवारी दोन वाजता," क्रीडा संचालक रॉस गेटली मिस ओडेसांना म्हणाले. "वरच्या संघटनेचा माणूस येतोय. दोषी ठरला तर संघाबाहेर, शिष्यवृत्ती बंद. कागद तयार ठेवा."

मिस ओडेसा ट्रिम्बल नियम-कक्ष सांभाळत होत्या. खेळाडूने कोणाकडून काय घ्यावं आणि काय घेऊ नये, याची चारशे पानांची पोथी त्यांना तोंडपाठ होती. अलाबामातून येऊन या गावात त्यांना एकतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत त्यांना घाईने काम करायला लावणं कोणाला जमलं नव्हतं.

"पदवीला सहा महिने राहिलेत त्याचे," त्या म्हणाल्या. "आणि शनिवारी शेवटच्या वर्षाच्या पोरांचा दिवस. प्रत्येक पोरगा आईबापाचा हात धरून मैदानात येतो. त्याची आई चौदा तास बसने येणार आहे."

"येणार होती. त्याने तिला येऊ नको म्हणून फोन केलाय. मिस ओडेसा, दोघांनी कबूल केलंय. तिसराही त्याच माळेचा मणी."

"माळ कोणी ओवली ते शुक्रवारपर्यंत बघते," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

२

डेल्विन समोरच्या खुर्चीत बसला तेव्हा खुर्ची कुरकुरली. मिस ओडेसांनी टेबलावरची अक्रोडाच्या चिक्कीची बशी पुढे सरकवली.

"घे. एवढं नियमात बसतं, मी बघितलंय."

"नको, मॅम."

"माझी चिक्की नको म्हणणारा तू पहिलाच. बरा आहेस ना?"

"चावायला कडक आहे," तो पुटपुटला, आणि बोलून गेल्याचा पस्तावा झाल्यासारखा खाली बघू लागला.

"बरं. आता सांग. सही तुझी आहे?"

"सही माझीच आहे. खाली नंबर आणि नंबरापुढे छोटा क्रॉस, तसा मीच काढतो. पण मी ती फस्कोला दिली नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुलांच्या दवाखान्याच्या मदतीसाठी आम्ही सगळे सह्या करायला बसलो होतो. लांबच लांब टेबल, एकीकडून वस्तू येते, सही करायची, पुढे ढकलायची. चेंडू, टोप्या, जर्स्या. दोन तास. माझ्या आईचं मृत्युपत्र आलं असतं तरी मी सही केली असती."

"आणि मंगळवारी संध्याकाळी?"

डेल्विनने चिक्कीची बशी परत सरकवली.

"संघाच्या जेवणाला नव्हतास. खोलीवर नव्हतास. मुलगी आहे का कोणी?"

"नाही, मॅम."

"जुगार?"

"माझी आई मला जिवंत सोडेल का?"

"मग बोल ना, लेका. तोंड शिवून बसलास तर परवा तुला घरी पाठवतील, आणि ते पत्र मलाच टाइप करावं लागेल."

डेल्विनने मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "मी सांगितलं तर दुसऱ्याच एका माणसाला त्रास होईल. त्याने माझं भलं केलं. मला घालवायचंच असेल तर घालवा. चोर म्हणून नाही जाणार, एवढंच."

तो गेला आणि मिस ओडेसा बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. चोरी केलेला पोरगा चोरी लपवतो. पण न केलेल्या चोरीचा आळ घेऊनही पोरगा जे लपवतो, ते काय असेल? त्यांना हा पोरगा आवडायचा, आणि आवडतो म्हणूनच त्यांनी स्वतःला बजावलं, की माया बाजूला ठेव आणि डोकं चालव.

३

स्टेडियमच्या पोटात सामानाची खोली होती. तिथे हायरम क्लॅगेटचं राज्य. चाळीस वर्षं हेल्मेटं, बूट आणि जर्स्या यांच्यात घालवल्याने त्याला माणसांशी नीट बोलायची सवय उरली नव्हती. कुलपाच्या किल्ल्या त्याच्याकडे असल्यामुळे सकाळपासून गेटलींचे दोन फोन येऊन गेले होते, आणि तो उकळत होता.

"ये, ओडेसा. मला बेड्या घालायला आलीस?"

"घालीन. आधी कॉफी पाज."

"डेल्विनच्या सगळ्या जर्स्या इथे आहेत, एकूण एक. मी गेटलीला सांगितलं. तो म्हणतो, तुझा लाडका आहे, तू एक जादा शिवून ठेवली असशील. मी? मला सुईत दोरा ओवता येत नाही आता."

खोलीच्या दोन्ही भिंतींना खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीला एक जाळीची पिशवी, तिला नंबराचा बिल्ला आणि तोंडाशी मोठी टाचणपीन. पोरं घामट कपडे पिशवीत टाकतात, पिशवीसकट सगळं धुलाईत जातं. डावीकडे पांढऱ्या पिना, उजवीकडे काळ्या.

हायरम एका पॅडवर दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावत होता. सतरंजी फरशीला चिकटवायची ती पट्टी.

"हा काय नवीन उद्योग?"

"नवीन? इतकी वर्षं इथे आहेस आणि तुला माहीत नाही? बघत काय असतेस शनिवारी?"

"लोक पोरांना काय काय देतात ते बघत असते."

हायरम हसला. हसताना खोकला आला. "पुढच्या फळीतल्या पोरांची जर्सी समोरचा मुठीत धरून ओढतो. म्हणून खांद्याच्या पॅडवर ही पट्टी, वर जर्सी घट्ट दाबून बसवायची. चिमटीत कापड येत नाही. सामना संपला की दोघं दोन बाजूंनी सोलतात, मुसंबं सोलतात तशी. तो गोंद कापडातून निघतो का? सात वेळा धुतली तरी आतून चिकट. मग त्याला कापूस चिकटतो, धागे चिकटतात. माझं आयुष्य गेलं त्यात."

"सगळ्यांनाच लावतोस?"

"सगळ्यांना कशाला? पोरं एकशे वीस, आकडे नव्व्याण्णव, आणि मैदानात उतरतात चाळीस. बाकीचे बाकावर बसतात नि घरी जातात. त्यांची जर्सी ओढणार कोण, वारा?"

त्याने पॅड बाजूला ठेवलं. "डेल्विन तसला पोरगा नाही, ओडेसा. त्याला मागताच येत नाही. मागच्या महिन्यात माझ्याकडे आला, म्हणाला, दातांवर बसवायचा तो रबरी साचा नवा लागेल, जुना बसत नाही. कोंबडी चोरल्यासारखं तोंड करून सांगत होता."

"कधी?"

"बुधवारी. दवाखान्याच्या सह्यांनंतर दोन आठवड्यांनी असेल."

मिस ओडेसांनी कॉफीचा कप खाली ठेवला. दातांचा साचा आदल्या दिवशीपर्यंत बसत होता आणि बुधवारी अचानक बसेना झाला. म्हणजे मंगळवारी त्याच्या तोंडातला एखादा दात गेला होता.

४

नेट फस्को दुकानातल्या स्टुलावर बसून डोनट खात होता. भिंतीवर तीन रिकामे खिळे. चौकटी कॉलेजने जप्त करून नेल्या होत्या.

"मी कायदा मोडला नाही," तो आधीच म्हणाला. "मी कॉलेजात शिकत नाही. तुमची पोथी मला लागू नाही."

"नाही लागू. म्हणून तुम्ही खरं बोलू शकता, फस्कोसाहेब. तुमचं काही जाणार नाही."

हे त्याला पटलं. ओठावरची साखर पुसून तो सरळ बसला. "पहिली दोघं समोर आली, समोर बसली, गोंदवून गेली. तिसऱ्याचं तसं नाही. दारातून चिठ्ठी आली, छापलेली. अठ्ठावन्नची सही केलेली जर्सी हवी असेल तर सिनसिनाटीच्या गाण्याच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं मंगळवारी संध्याकाळी मागच्या दाराशी ठेवा. मी ठेवली. सात वाजता बघतो तर तिकिटं गेलेली आणि दाराच्या कडीला पिशवी."

"म्हणजे देणाऱ्याला तुम्ही बघितलंच नाही."

"बघायचंय काय? डेल्विन रकरची सही मी आंधळा झालो तरी ओळखीन. मी गेटलींनाही तेच सांगितलं."

"डेल्विनने जर्सी दिली, असं सांगितलंत?"

"अठ्ठावन्नने दिली, असं सांगितलं. या गावात अठ्ठावन्न म्हटलं की अजून काय सांगायचं असतं?"

"ती पिशवी आहे?"

त्याने गल्ल्याखालून जाळीची पिशवी काढून दिली. वर ५८ चा बिल्ला. मिस ओडेसांनी ती उलटीसुलटी केली आणि तोंडाशी लावलेली काळी पीन त्यांच्या अंगठ्यात घुसली.

"तुमच्या साहेबांनी विचारली नाही पिशवी?" त्यांनी अंगठा दाबत विचारलं.

"त्यांना सही बघायची होती. ती बघितली नि गेले."

पिशवी घेऊन मिस ओडेसा गाडीत बसल्या. आता त्यांना एकच गोष्ट बघायची होती, आणि आजवर ती एकानेही बघितली नव्हती.

५

गुरुवारी सकाळी त्यांनी घरून पेचकस आणला. जप्त केलेली चौकट टेबलावर पालथी घातली, मागचे सहा स्क्रू काढले, पुठ्ठा उचलला. चार दिवस सगळे काचेतून सही बघत होते. संचालकांनी बघितली, वकिलांनी बघितली, टीव्हीवाल्यांनी तर भिंग लावून बघितली. जर्सी आतून कशी आहे हे बघायचं एकालाही सुचलं नव्हतं.

त्यांनी जर्सी उलटी केली आणि खांद्यांवरून तळवा फिरवला. मऊ. स्वच्छ. चर्चला जायच्या सदऱ्यासारखी. फस्कोने चौकटीत चिकटवलेल्या प्रमाणपत्रावर ठसठशीत लिहिलं होतं, 'ऑक्टोबरच्या सामन्यात घातलेली.'

तासाभरात त्या सामानाच्या खोलीत होत्या. "डेल्विनची एक जर्सी दे. घातलेली, धुतलेली."

हायरमने दिली. तळवा खांद्यापाशी नेताच चिकटला. आत काळपट रेघ, तिला अडकलेले धागे.

"हायरम, डाव्या भिंतीला पांढऱ्या पिना का?"

"चढाईची पोरं. उजवीकडे काळ्या, ती बचावाची. नाहीतर पिशव्यांची सरमिसळ होते. एकच नंबर दोघांना असतो ना. एक चढाईत, एक बचावात. दोघं एका वेळी मैदानात नसले की झालं."

हे मिस ओडेसांना माहीत होतं. एकतीस वर्षं माहीत होतं. हायरमलाही माहीत होतं. गेटली तर तरुणपणी स्वतः खेळलेले. सगळ्या गावाला ठाऊक असलेली ही गोष्ट सगळं गाव चार दिवस विसरलं होतं, कारण ज्याच्या नावाने स्टेडियम ओरडतं तोच काय तो अठ्ठावन्न, आणि आपल्या कॉलेजच्या जर्सीवर पाठीला नाव लावायची पद्धत नाही. त्यांना स्वतःचाच राग आला.

"मग दुसरा अठ्ठावन्न कोण?" त्यांनी विचारलं.

हायरमने तोंड उघडलं, मिटलं, डोकं खाजवलं. जी पिशवी तो चार वर्षं रोज हाताळत होता, तिच्या मालकाचं नाव त्याला आठवेना. शेवटी त्याने भिंतीवरची यादी काढली, आणि तिथून बोट सरकवत एका नावावर आणलं.

६

तिथून मिस ओडेसा निघाल्या त्या गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे. कोल्टन फेरीत दोनच. पहिल्याच्या भिंतीवर मासे होते. दुसरीच्या, डॉक्टर एलन स्प्रेगच्या, भिंतीवर एल्डरटनची पदवी होती.

"सडलेली दाढ होती," डॉक्टरीणबाईंनी लगेच सांगून टाकलं. "पोरगा तीन आठवडे दुखण्याने झोपला नव्हता. मैदानात मोडली असती तर कॉलेजने भरपाई केली असती. किडली म्हणून नाही, हे तुमचंच पुस्तक सांगतं. माझ्या दारात उभा राहून विचारत होता, हप्त्याने चालेल का. मी पैसे घेतले नाहीत. मागच्या महिन्यातल्या त्या मंगळवारी सहा वाजता काढली. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा."

"तुमच्यावर काही नाही. हे सगळं लिहून सही करून द्या."

"त्याच्या विरोधात वापरणार?"

मिस ओडेसांनी पेन पुढे केलं. पोथीच्या तीनशे बाराव्या पानावर काय आहे ते त्यांना माहीत होतं. किरकोळ लाभ खेळाडूने चौकशीत स्वतःहून सांगितला, तर तेवढी रक्कम एखाद्या धर्मादाय संस्थेला द्यायची आणि खेळायला मोकळा. लपवला आणि उघड झाला, तर वर्षभर बंदी. आणि स्वतःहून म्हणजे स्वतःहून. नियम-कक्षातल्या कोणी आधी कानात फुंकलं तर ती कबुली धरायची नाही, हेही त्याच पानावर होतं. ते वाक्य अकरा वर्षांपूर्वी मिस ओडेसांनीच सुचवलं होतं.

म्हणजे हा कागद दडपायचा नाही, आणि पोराला आधी सांगायचंही नाही. दडपला तर शनिवार सुखात पार पडेल, पण मग कोडी ब्रॅनमला कुठल्या तोंडाने घरी बसवायचं? त्यांनी कागद पाकिटात घातला, चिकटवला. पोराची त्यांना खात्री होती.

७

शुक्रवारी दोन वाजता लांब टेबलाच्या एका बाजूला संचालक गेटली आणि वरच्या संघटनेचे मिस्टर पॉल्क. दुसऱ्या बाजूला डेल्विन, हायरम, फस्को. कोपऱ्यात एक रुंद खांद्यांचा, पिंगट केसांचा पोरगा. तो कोण हे गेटलींनी दोनदा वाकून बघितलं, तरी त्यांना उमगलं नाही.

मिस ओडेसांनी पाकीट पॉल्कपुढे ठेवलं. "हे शेवटी उघडा. माझं काम मी केलंय."

मग दोन जर्स्या मांडल्या. "हात लावा, पॉल्कसाहेब. आतून. खांद्याला."

पॉल्कने पहिलीला हात लावला. "मऊ आहे."

"ही फस्कोकडची. आता ही दुसरी."

हात चिकटला. पॉल्क दचकून बोटं बघू लागला. मिस ओडेसांनी पट्टीचं सांगितलं, सोलण्याचं सांगितलं, सात धुलायांचं सांगितलं. हायरम आपलं नाव येईल तिथे मान हलवत होता.

"डेल्विन ज्या जर्सीत खेळतो ती आतून अशी चिकट. फस्कोकडची जर्सी खरी आहे, कॉलेजची आहे, सामन्याच्या दिवशी घातलेलीही असेल. पण ज्याने घातली तो मैदानात उतरलाच नाही. तिला पट्टी लागलीच नाही. आता ही पिशवी. हिच्यातून ती जर्सी आली. हायरम, पीन कुठल्या बाजूची?"

"काळी. बचावाची."

"डेल्विन चढाईत खेळतो. तेव्हा ही पिशवी त्याची नाही, जर्सी त्याची नाही. सही त्याची आहे, कारण दवाखान्याच्या टेबलावर पुढे येईल त्यावर तो सही करत होता. त्याच्या आधी बसलेल्याने त्या ढिगात आपली जर्सी सरकवली. त्या टेबलावर कोण कुठे बसलं होतं त्याचा फोटो कॉलेजच्याच मासिकात आलाय." त्यांनी मासिक उघडलं. "डेल्विनच्या डावीकडे बघा. याच्याही छातीवर अठ्ठावन्न आहे."

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

"प्रेस्टन," मिस ओडेसा म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "प्रेस्टन लॅथ्रॉप. बोल, बाळा."

प्रेस्टन उभा राहिला. "चार वर्षं," तो म्हणाला. "शिष्यवृत्ती नाही, स्वतःच्या खर्चाने. रोज सकाळी पाचला सराव. आम्ही बाकावरचे म्हणजे कोडी आणि डेल्विनला धडका द्यायला ठेवलेली पोती. एकदाही मैदानात गेलो नाही. माझ्या सहीची जर्सी फस्कोने पायपुसणीलाही घेतली नसती. मैत्रिणीला तो कार्यक्रम बघायचा होता. एकदा तरी तिला वाटावं, की मी या संघात आहे."

"आणि डेल्विनवर आळ आला तेव्हा?" गेटली गरजले.

"मला वाटलं, त्याला काय होणार? त्याच्यासारख्याला कोण काढतं? दोन दिवसांत मिटेल म्हटलं. मग मिटेना, आणि मला बोलवेना." तो डेल्विनकडे वळला. "चुकलो."

डेल्विनने त्याच्याकडे बघितलं. "नालायका," तो सावकाश म्हणाला, "मागितली असतीस तर मी माझीच दिली असती."

"बरं झालं मागितली नाही," मिस ओडेसा म्हणाल्या. "माझा अजून एक दिवस गेला असता."

८

गेटली उठायला लागले. "संपलं तर मग. डेल्विन, निलंबन रद्द."

"बसा, साहेब," मिस ओडेसा म्हणाल्या. "फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न राहिला."

"आता कशाला?"

"प्रत्येकाला विचारतो, यालाही विचारायचा."

त्यांनी चष्मा लावला. फॉर्म टेबलावर सरळ केला. पाकीट पॉल्कच्या कोपरापाशी तसंच होतं. डेल्विनला त्यात काय आहे याचा पत्ता नव्हता.

"डेल्विन रकर. याखेरीज, तू खेळाडू असताना, कॉलेजबाहेरच्या कोणाकडून मोफत वस्तू, सेवा किंवा सवलत घेतली आहेस का?"

नाही म्हणायला एक शब्द पुरे होता. उद्याचा सामना, शिष्यवृत्ती, सगळं त्या एका शब्दापलीकडे तयार होतं. मिस ओडेसांना त्या पोराच्या कपाळावरची शीर दिसत होती, आणि त्यांनी त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. डोळ्यांनीही काही सांगायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं.

"हो, मॅम," डेल्विन म्हणाला.

गेटलींनी डोळे मिटले.

"ज्या मंगळवारचं विचारत होतात, त्या दिवशी डॉक्टर स्प्रेगबाईंनी माझी दाढ काढली. पैसे घेतले नाहीत. त्यांची काही चूक नाही, त्यांना मी खेळाडू म्हणून नव्हे, रडत आलेला माणूस म्हणून दिसलो. चोर म्हणून जायचं नव्हतं मला. खोटारडा म्हणूनही नाही जायचं. लिहून घ्या."

मिस ओडेसांनी लिहून घेतलं. सही करायला फॉर्म त्याच्यापुढे सरकवला आणि मग पॉल्ककडे बघितलं. पॉल्कने पाकीट फोडलं, कागद वाचला, पुन्हा एकदा वाचला.

"तीनशे बारावं पान," तो म्हणाला.

"तेच," मिस ओडेसा म्हणाल्या.

"लाभ किरकोळ, स्वतःहून कबूल. दाढ काढण्याची फी वर्षभरात मुलांच्या दवाखान्याला द्यायची. खेळायला मोकळा. उद्यासुद्धा." पॉल्कने पहिल्यांदाच हसून मिस ओडेसांकडे बघितलं. "आणि हा नाही म्हणाला असता तर?"

"तर तुम्ही हेच पाकीट फोडलं असतं."

डेल्विनला हळूहळू समजत गेलं. त्याचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. "तुम्हाला ठाऊक होतं. तरी विचारलंत?"

"पाकिटातलं उत्तर डॉक्टरीणबाईंचं होतं, लेका. मला तुझं हवं होतं."

"मी घाबरून खोटं बोललो असतो तर?"

"तर मी आयुष्यात पहिल्यांदा माणूस ओळखायला चुकले असते," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी सगळ्यांसमोर डोळे पुसले, आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटली नाही. "आता आईला फोन कर. साडेतीन वाजलेत. पाचची बस मिळाली तरी उद्या सकाळपर्यंत पोचेल."

डेल्विनने खिशातून फोन काढला. पलीकडे घंटा वाजली, मग आवाज आला, आणि त्या आवाजामागे कसलीशी घरघर.

"आई, तू ये. सगळं मिटलं. ऐकतेस ना? आताच्या बसने..." तो थांबला. ऐकत राहिला. त्याची भली मोठी खांद्यांची चौकट हलायला लागली, हसू की रडू ते त्यालाच कळत नसावं.

"काय म्हणते?" हायरमने विचारलं.

"ती बसमध्येच आहे. सकाळी सातला बसली. टेनेसी मागे टाकलं म्हणते." त्याने फोन छातीशी धरला. "मी म्हटलं, निकाल लागायच्या आधीच कशी निघालीस? ती म्हणते, कसला निकाल? मी माझ्या पोराला भेटायला चाललेय."

मग मिस ओडेसा उठल्या आणि कपाटातून एक कोरा फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

"अजून फॉर्म?" गेटली कण्हले.

"खेळाडूला आणि त्याच्या आईला कर्मचाऱ्याच्या घरी अधूनमधून जेवण घालता येतं. पान एकशे चाळीस," त्या म्हणाल्या आणि पेनचं टोपण काढलं. "डेल्विन, आईला विचार, भेंडी खाते का."